‘पॅनल ऑर्डर्स डिले प्रोब’: चार दिवस, दोन अर्थ, दोन आलुबोंडे

मागच्या वेळी मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की इंग्रजी पेपरांच्या मथळ्यांतल्या नामांच्या साखळ्यांची भीती आता गेली, समासासारखा विग्रह केला की त्या सुटतात. ते अर्धं मागे घेतो.

अर्धंच, कारण विग्रहाची रीत चालते आहे. असे सोडवलेले मथळे उतरवायच्या विग्रहवहीत 43 मथळे झाले. त्यातला माझा लाडका ‘कॉटन प्रोक्युअरमेंट सेंटर क्लोजर प्रोटेस्ट’. ओळीनं पाच नामं, मध्ये ना प्रत्यय ना अव्यय. शेपटाकडून धरला. आंदोलन. कशाविरुद्ध? बंद करण्याविरुद्ध. काय बंद? केंद्र. कशाचं? खरेदीचं. कशाची? कापसाची. सुटला! शेवटचं पद प्रधान, म्हणजे आपला तत्पुरुषच की. आणि तो ‘विरुद्ध’ मथळ्यात कुठंच नाही, तो आपण पदरचा घातला; पुरणपोळी फोडताना ‘भरून केलेली’ घालतो तसा. मध्यमपदलोपी समास शाळेत पाठ करताना जीव गेला होता. तो या वयात इंग्रजी पेपरावर कामी आला.

आता घोळ. शनिवारी दुपारच्या एसटीनं पेपरांचा गठ्ठा आला आणि त्यात हे चार शब्द होते: ‘पॅनल ऑर्डर्स डिले प्रोब’. पेपरचं नाव सांगत नाही, त्यांच्या उपसंपादकाची झोप कशाला घालवायची. बातमी न वाचता मथळा सोडवायचा म्हणून नेहमीप्रमाणे मजकुराची घडी मागे दुमडली, टाचणी मारली आणि कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर बसल्या बसल्या वजनपावतीच्या पाठीवर लिहिलं: समितीनं दिरंगाईच्या चौकशीचे आदेश दिले. दोन मिनिटांत काम फत्ते.

भाचा डबा घेऊन आला होता, बारावीला आहे. त्यानं पावती पाहिली नि म्हणाला, “मामाजी, हे तं उलटंबी लागते नं. समितीच्या आदेशायनं चौकशी लटकली.”

मी म्हटलं, बेटा, पॅनल एकवचनी, म्हणून ऑर्डरला एस लागला, म्हणून ते क्रियापद. तो म्हणाला, ऑर्डर्स अनेकवचनी, म्हणून डिलेला एस नाही, म्हणून क्रियापद डिले. दोघांचंही व्याकरण चोख! मथळ्यात क्रियापद एकच असणार हे ठरलेलं, पण ते दुसऱ्या खुर्चीवर बसलंय की तिसऱ्या, याचा पत्ता नाही. दोन आलुबोंड्यांची पैज लागली.

शनिवार धरून चार दिवस याच्यात गेले. आधी जाडी डिक्शनरी काढली. ऑर्डर, डिले, प्रोब तिन्ही नामही आणि क्रियापदही. मग वाटलं, मोठ्यानं वाचून कळेल. रेकॉर्ड, परमिट, एक्सपोर्ट या शब्दांत नाम असताना जोर पहिल्या अवयवावर (सिलॅबलवर) असतो, क्रियापद झालं की दुसऱ्यावर जातो. पण ऑर्डर नि डिले नेमके न हलणारे निघाले. मोबाइलकडून वाचून घेतलं, त्यानं चारही शब्द भाजीच्या यादीसारखे वाचले.

आपल्याकडे ही पंचाईतच नाही. ‘समितीने’ नि ‘समितीच्या’ यात काय तो निकाल लागून जातो, आणि क्रियापद मुकाट शेवटी येऊन बसतं. इंग्रजीत जागा हाच प्रत्यय, आणि मथळ्यात आर्टिकल गाळलं, ‘बी’ क्रियापद (इज, आर) गाळलं, की खुंटाच उपटला. अशा मथळ्यांना ‘क्रॅश ब्लॉसम’ म्हणतात, तेही एका मथळ्यावरूनच पडलेलं नाव. 2009 साली जपानमधल्या एका इंग्रजी बातमीला ‘व्हायोलिनिस्ट लिंक्ड टू जेएएल क्रॅश ब्लॉसम्स’ असं शीर्षक होतं. जेएएलच्या, म्हणजे जपान एअरलाइन्सच्या, 1985 च्या विमान अपघातात वडील गमावलेली व्हायोलिनवादक आता बहरते आहे, एवढंच सांगायचं होतं. वाचणारा मात्र अपघाताची फुलं शोधत बसला.

मंगळवारी हार मानून टाचणी काढली. लीड, म्हणजे बातमीचं पहिलं वाक्य, 29 शब्दांचं, कर्मणी, आणि चौकशी कुणामुळे अडली ते अगदी शेवटी, ‘बाय’च्या मागे. समितीचे दोन अंतरिम आदेश. म्हणजे भाचा जिंकला. तर्रीसकट.

पण त्या ‘दोन’वर मी अडकून बसलो. आदेश एकच असता तर मथळा झाला असता ‘पॅनल ऑर्डर डिलेज प्रोब’. एस ऑर्डरवरून उडी मारून डिलेला लागला असता नि वादच मिटला असता! चार दिवसांचा खेळ एका अनेकवचनानं केला. हे सापडलं तेव्हा काट्यावर ट्रॅक्टर उभा होता आणि मी वजन न घेताच त्याला “खाली कर” म्हणून बसलो.

उपाय म्हणून भूतकाळ करून पाहावा असं ठरवलं होतं. मथळ्यातला वर्तमान तसाही झालेल्या गोष्टीचाच असतो. हे लिहिता लिहिताच करून पाहिलं. ‘पॅनल ऑर्डर्ड डिले प्रोब’, छान, एकच अर्थ. ‘पॅनल ऑर्डर्स डिलेड प्रोब’, आणि आता तिसराच अर्थ उगवला: रखडलेल्या चौकशीचे आदेश दिले. तो उपाय सोडला.

त्याऐवजी आत्ता सुचलं ते असं. बातमीचा पिरॅमिड उलटा, म्हणजे नवं नि महत्त्वाचं वर, मागचा इतिहास तळाशी. या बातमीचा शेवटचा परिच्छेद मी आता पुन्हा पाहिला: चौकशी आधीपासून सुरू होती हे तिथं स्वच्छ लिहिलंय, आणि नवी बातमी मात्र त्यात एका शब्दानं फुटत नाही. तेव्हा घडीचा नियम बदलतो. अडलं की फक्त शेपूट उघडायची, लीड नाही. कात्रण तळाकडून सोडवता यावं म्हणून टाचणी आता वर.

कात्रणांपुरतं एक: गोंदाची कांडी आमच्या उन्हात दोन आठवड्यांत खडू होते, पैसे घालवू नका. मैद्याची खळ, चिमूटभर मोरचूद घालून. झुरळ फिरकत नाही. हात मात्र धुवा.

विग्रहवहीचं काम थांबवून आता फक्त एसवाले मथळे जमवतोय. ऑर्डर्स, प्लॅन्स, क्लेम्स, मूव्ह्ज, रिपोर्ट्स, पुढे बिनएसचा असाच दुतोंडी शब्द. तुमच्याकडे असतील तर पाठवा. मजकूर दुमडून, आणि उत्तर सांगू नका. भाच्यानं पुढची पैज चार आलुबोंड्यांची लावली आहे.