एकाच दगडातले दोन गंधक

पुण्यात भूगर्भशास्त्र शिकले ते बेसॉल्टच्या राज्यात. शिसं-जस्ताचं धातुक मनसोक्त हाताळायला मिळालं ते थेट आयर्लंडात, एमएस्सीच्या प्रकल्पासाठी नवानच्या खाणीतले नमुने आले तेव्हा. प्रश्न सोपा वाटला होता: यातलं गंधक आलं कुठून?

पहिला दगड मी सरळ खलात कुटला. चिमूटभर पूड आणि व्हॅनेडियम पेंटॉक्साइड टिनच्या इवल्याशा कॅप्सूलमध्ये घालून चिमट्याने घडी घातली. भट्टीत हजार अंशांच्या वर तिचा सल्फर डायऑक्साइड होतो आणि मास स्पेक्ट्रोमीटर त्यातलं जड 34 आणि हलकं 32 गंधक (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू) यांचं गुणोत्तर सांगतो. शून्य ठरलेलं आहे ॲरिझोनातल्या कॅन्यन डायब्लो उल्केतल्या ट्रॉइलाइट या लोह-गंधकाच्या खनिजावरून; उणे म्हणजे त्याहून हलकं, अधिक म्हणजे जड. माझं उत्तर आलं उणे 5 प्रति हजार. शिलारसातलं गंधक शून्याच्या आसपास असतं, म्हणून वहीत ऐटीत लिहिलं, ‘बहुधा शिलारसातलं’.

सरांनी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, दगड भिंगाखाली पाहिलास का? नव्हता पाहिला.

उरलेला तुकडा कापून घासला, तर मधाच्या रंगाचे स्फॅलेराइटचे (जस्ताच्या सल्फाइडचे) बारीक थर आणि त्यांना छेदून गेलेली गॅलेनाची (शिशाच्या सल्फाइडची) चकचकीत शीर. मग दातांच्या डॉक्टरकडे असतं तसलं ड्रिल घेऊन बसले. स्फॅलेराइटची पूड फिकट पिवळट, गॅलेनाची करडी-काळी. पूड जराशी करडी झाली की थांबायचं, पुसायचं, पुन्हा सुरू. एका थराला अख्खी सकाळ गेली.

थर आले उणे 22, शीर अधिक 9. माझं उणे 5 म्हणजे निव्वळ भेसळ!

हा साठा घडला त्या, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या कार्बोनिफेरस काळातल्या समुद्राच्या सल्फेटमधलं गंधक साधारण अधिक 20 च्या आसपासचं. जिवाणू त्यातला हलका वाटा आधी उचलतात, म्हणून थर इतके खाली. शिरेतलं गंधक मात्र खालच्या जुन्या खडकांमधून गरम पाण्याने वर आणलेलं. धातूही त्याच पाण्यातून आले. पण नवानमधलं 90 टक्क्यांहून जास्त गंधक जिवाणूंनी पुरवलंय, असं 2001 साली प्रसिद्ध झालेलं संशोधन सांगतं. म्हणजे युरोपातला सगळ्यात मोठा जस्ताचा साठा उभा राहिला तो डोळ्यांना न दिसणाऱ्या मंडळींमुळे.

वहीतली ती ओळ खोडली. ट्रेमध्ये अजून चौदा दगड होते. खल धुऊन कपाटात ठेवून दिला.