पहिल्यांदाच चित्र विकत घेणाऱ्यासाठी लावलेला स्टॉल

गॅलरीत येणारा माणूस चित्रं बघायची ठरवूनच आलेला असतो. उघड्यावरच्या आर्ट फेअरमध्ये तसं नसतं, कुणी मुलांना फिरवायला आलेलं असतं, कुणी नुसती गर्दी दिसली म्हणून वळलेलं, आणि त्यातलाच एखादा आयुष्यात पहिल्यांदा हाताने काढलेलं चित्र विकत घेऊन जातो. मला अशा ठिकाणी विकायला आवडतं ते या माणसामुळे, आणि स्टॉलही मी त्याचाच विचार करून लावते.

सगळ्यात आधी किंमत. ती प्रत्येक चित्राखाली ठळक लिहिलेली पाहिजे म्हणजे पाहिजेच! ज्याने कधी चित्र घेतलेलं नाही त्याला किंमत विचारायचाच संकोच वाटतो, विचारली आणि नाही परवडली तर तिथून निघायचं कसं, म्हणून तो न विचारताच पुढे जातो. आता किंमत ठरवायची कशी, तर बरेच जण चौरस इंचावर लावतात, पण मग 8 × 10 चं चित्र 80 चौरस इंच आणि 16 × 20 चं 320, म्हणजे थेट चौपट किंमत. मी लांबी अधिक रुंदी धरते, 18 आणि 36, म्हणजे दुप्पट. मोठं चित्र लोकांच्या आवाक्यात राहतं आणि कुणी विचारलं की एवढी किंमत कशी, तर हिशोब समोर मांडता येतो. शेवटच्या तासात भाव पाडणं मात्र मला अजिबात पटत नाही, सकाळी ज्याने पूर्ण पैसे मोजले त्याच्यावर तो अन्याय आहे.

आणि हमखास येणारा प्रश्न, रंग उडणार नाही ना? या प्रश्नाला "नाही हो, काही होत नाही" असं उत्तर देणारे आर्टिस्ट बघितले की मला खरंच वाईट वाटतं. चांगल्या रंगांच्या ट्यूबवर पिगमेंटचा, म्हणजे आतल्या रंगद्रव्याचा, कोड छापलेला असतो, तो वाचायची सवय लावून घ्या. पीबी 29 म्हणजे अल्ट्रामरीन हा निळा, उजेडात टिकतो. पीआर 83 म्हणजे अलिझरिन क्रिमसन हा गडद लाल, दिसायला सुरेख पण उजेडात फिका पडत जातो, वॉटरकलरच्या पातळ थरात तर लवकरच, त्यामुळे विकायच्या चित्रात मी तो घेत नाही, त्याऐवजी क्विनॅक्रिडोन हे जास्त टिकणारं लालसर पिगमेंट घेते. व्हॅन गॉगने 1888 मध्ये स्वतःच्या बेडरूमचं चित्र काढलं तेव्हा त्यातल्या भिंती जांभळट होत्या, लाल रंग उडत गेला आणि आज त्या निळ्या दिसतात. हे सांगितलं की लोक थांबून ऐकतात, प्रश्न विचारतात, आणि मग चित्र थेट उन्हात लावू नका हेही त्यांना मनापासून पटतं. ऊन्हातले अतिनील किरण अडवणाऱ्या यूव्ही काचेने रंग उडायचा वेग कमी होतो, पूर्ण थांबत नाही, तेही सांगायचं.

प्रिंट, म्हणजे चित्राच्या छापील प्रती, ठेवत असाल तर त्यांचा गठ्ठा वेगळा ठेवा आणि वर प्रिंट असं स्पष्ट लिहा, शिवाय त्या पिगमेंटच्या शाईनेच (पिगमेंट इंक) छापून घ्या, विरघळणाऱ्या रंगाची साधी डाय इंक तेवढी टिकत नाही. नवख्या माणसाला ओरिजिनल आणि प्रिंटमधला फरक बघून कळेलच असं नाही.

आता वारा, कारण याच्याकडे फार जण दुर्लक्ष करतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की स्टॉलच्या तंबूवरचा जोर चौपट होतो. फरशीवर किंवा डांबरावर खुंट्या ठोकता येत नाहीत, मग प्रत्येक पायाला वजन बांधायचं, 20 लिटरचा पाण्याचा कॅन भरला की 20 किलो झाले आणि जाताना ओतून देता येतात. फ्रेमला काचेऐवजी अॅक्रेलिक शीट लावली तर पडली तरी काचेसारखे धारदार तुकडे उडून कुणाला इजा व्हायची भीती कमी होते, लहान मुलं अगदी जवळ येऊन बघत असतात ना.

चित्र विकलं गेलं की घाई करू नका. मागच्या बाजूला नाव, वर्ष, माध्यम आणि कुठला कागद ते लिहा, कोपऱ्यांना पुठ्ठा लावा. चित्र विकलं तरी त्याच्या प्रती काढायचा हक्क बहुतेक देशांत आर्टिस्टकडेच राहतो, हे मी पावतीवर लिहून देते आणि तोंडीही सांगते, कारण पहिल्यांदा घेणाऱ्याला ते सहसा माहीत नसतं, आणि नंतर वाद होण्यापेक्षा तिथेच बोललेलं बरं.