राजपक्षे एवढ्या लवकर लोकांच्या मनातून कसे उतरले? तुम्ही विचारलंत म्हणून

मी वाशीला कांदा एक्सपोर्टच्या एका ऑफिसात डॉक्युमेंटेशन बघतो, कोलंबोचा माल आमच्याकडे नेहमीचा, त्यामुळे ट्रेनमध्ये, सोसायटीत कोणी ना कोणी विचारतंच, की 2019 ला 69 लाख मतं घेऊन श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले गोटाबाया राजपक्षे तीन वर्षं पण का टिकले नाहीत?

बहुतेकांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, कोविड. टुरिझम बसला हे खरंय, पण कोविड काय फक्त श्रीलंकेत आलेला का? त्याच्याही आधी, डिसेंबर 2019 लाच, ह्यांनी व्हॅट 15 वरून 8 टक्क्यांवर आणला. टॅक्स कमी झाला म्हणून कोण कशाला ओरडेल! पण सरकारकडे पैसा येईना, देशाचं पत-रेटिंग घसरलं, बाहेर कर्ज मिळेना, मग नोटा छापत बसले. आमच्याकडे त्याचा अर्थ असा, की तिकडच्या चांगल्या पैसेवाल्या पार्टीला पण एलसी (म्हणजे माल घेणाऱ्याच्या बँकेची पैसे द्यायची हमी) उघडून मिळेना, कारण बँकेतच डॉलर नाहीत.

तरी माझ्या मते माणसं खरी तुटली ती खतावरून. जाहीरनाम्यात म्हणाले होते दहा वर्षांत सेंद्रिय शेतीकडे जाऊ, आणि 2021 च्या एप्रिल-मेमध्ये रासायनिक खताची आयातच बंद करून टाकली. नाव आरोग्याचं, पण डॉलर वाचवायचे होते हे शेंबड्या पोराला पण कळत होतं. आणि फटका कोणाला, तर अनुराधपुरा-पोलोन्नारुवाच्या भातवाल्यांना, म्हणजे ज्यांनी भरभरून मतं दिली त्यांनाच. चहाचं वेगळंच रडगाणं. त्यात चीनहून मागवलेल्या सेंद्रिय खतात जंतू सापडले म्हणून जहाज परत पाठवलं, तरी जवळपास 67 लाख डॉलर मोजावे लागलेच (हे सांगितलं की ऐकणारा हसतो, मला नाही हसू येत). नोव्हेंबरमध्ये बंदी उठवली पण तोवर पेरण्या होऊन गेलेल्या, शेतात खत नाही आणि दुकानात मिळालंच तर भाव परवडत नाही, अशात बंदी उठली काय नि राहिली काय, शेतकरी परत कसा वळणार?

विरोधकांनी पाडलं म्हणावं तर संसदेत 225 पैकी 145 जागा ह्यांच्याच पक्षाच्या होत्या. एप्रिल 2022 ला परदेशी कर्जाचे हप्ते थांबले, गॅस-पेट्रोलच्या रांगा लागल्या, 9 जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या बंगल्यात शिरले, आणि 14 ला ह्यांनी सिंगापूरवरून ईमेलने राजीनामा धाडला.

तो व्हॅट 2024 च्या जानेवारीपासून 18 टक्के झाला, म्हणजे कपातीच्या आधी होता त्याच्याही वर.