नारळी पौर्णिमेच्या रात्रीचा क्रम

आमच्या वाद्यवृंदात मी कीबोर्ड वाजवतो आणि गेली अकरा वर्षे कार्यक्रमातील गाण्यांचा क्रमही मीच लावतो. नारळी पौर्णिमेला हर्णै बंदरावर आमचा कार्यक्रम होता आणि त्या पावसाळ्यात आम्ही स्वतः बांधलेली चार गाणी पहिल्यांदाच लोकांपुढे जाणार होती. आदल्या वर्षीची नवी गाणी मी मध्यंतरानंतर सलग लावली होती. तिसऱ्या गाण्यापर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि आमच्या गायिकेचा आवाज भर मंचावर कापू लागला, ते मी विसरलो नव्हतो.

पावसामुळे सातचा कार्यक्रम पावणेआठला सुरू होणार हे स्पष्ट झाले. ध्वनिक्षेपक दहाला बंद करावा लागतो, म्हणून बावीस गाण्यांची अठरा करणे भाग होते. सहकाऱ्यांचे म्हणणे एकच, नवी गाळा. मी एक नवे आणि तीन जुनी गाणी गाळली, कारण त्या तीन गाण्यांची फर्माईश कित्येक वर्षांत कोणी केली नव्हती. ती केवळ आमच्या हाताला सवयीची होती.

दमट हवेने ढोलकीचे पान उतरले होते. वादक ते दिव्याच्या उबेला धरून बसला असल्याने ढोलकीविना जमणारे एक संथ नवे गाणे मी सुरुवातीलाच घेतले. ते पडले. लोक छत्र्या मिटत होते, जागा शोधत होते. त्या गडबडीत अनोळखी शब्दांकडे कान देणार कोण?

दुसऱ्या नव्या गाण्याच्या वेळी मात्र मी निवेदकाला बोलू दिले नाही. ‘मी डोलकर’ हे हेमंतकुमार आणि लता मंगेशकर यांचे द्वंद्वगीत असल्याने आमचे दोन्ही गायक मंचावर होतेच. ते संपताना ढोलकीचा ठेका चालू राहिला, मी तोच सूर धरून ठेवला आणि त्याच पट्टीत, टाळ्या ओसरण्यापूर्वीच, आमचे जाळ्याचे गाणे सुरू झाले. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत किनाऱ्यावर बसून जाळी दुरुस्त करणाऱ्यांचे ते गाणे आहे. पुढच्या रांगेतील एक वयस्क तांडेल, म्हणजे मासेमारी नौकेचे प्रमुख, ओठ मिटून ऐकत होते. दुसऱ्या कडव्याला मांडीवरची त्यांची बोटे गाठ मारून दोरा ओढावा तशी हलू लागली. ती बोटे पाहताना माझा एक स्वर चुकला. कोणीही उठले नाही. तिसरे नवे गाणेही आम्ही असेच एका जुन्या कोळीगीताला जोडून घेतले आणि तेही रंगले.

दहाला पाच कमी असताना एक चिठ्ठी आली. तिच्यावर गाण्याचे नाव नव्हते, फक्त ‘जाळ्याचे परत’ इतकेच लिहिले होते.

सुरुवातीला पडलेले ते संथ गाणे मी सोडलेले नाही. आता ते आठव्या क्रमांकावर, एका जुन्या अंगाईनंतर घेतो.