तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या घरातली जपमाळ

‘अजून रोज सगळे मिळून जपमाळ म्हणता? वेळ कसा मिळतो?’ ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, हल्ली आमच्या वसईतल्या नव्या सुनाही विचारतात.

मिळत नाही, काढावा लागतो. मी लग्न होऊन आले तेव्हा संध्याकाळची चर्चची घंटा झाली की वाडीतून आलेली माणसं हातपाय धुऊन येशूच्या तसबिरीसमोर बसत. आता शेवटचं माणूस विरार लोकलने घरी पोचतं, तेव्हा नऊ वाजलेले असतात. मग बसतो. पाच दशकं, म्हणजे मरियामातेच्या ‘नमो मरिया’ या प्रार्थनेचे दहा-दहा मण्यांचे पाच गट; सुरुवातीच्या तीन धरून 53 ‘नमो मरिया’. वीसेक मिनिटं.

विवाहपूर्व शिबिरात फादरांनी सांगितलं होतं, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1964 साली कुटुंबाला ‘घरातलं चर्च’ म्हटलंय. ऐकायला छान वाटलं, एवढंच. अर्थ कळला तो वाडीचा तुकडा बिल्डरला द्यायचा की नाही यावरून नवरा आणि धाकटे दीर बोलेनासे झाले तेव्हा. जपमाळेला बसताना दोघांच्या मध्ये सासूबाई. एका दिवशी प्रार्थनांची सुरुवात करून द्यायची पाळी दिरांची होती. प्रत्येक दशकाआधी प्रभूची प्रार्थना येते, तिच्यात अपराध्यांना क्षमा करण्याचं वाक्य. तिसऱ्या दशकाला त्या वाक्यावर त्यांचा आवाज अडला. एरवी कोणी अडखळलं की सासूबाई पुढचे शब्द उचलून धरत. त्या गप्प राहिल्या. बऱ्याच वेळाने दिरांनी ते वाक्य स्वतःच पुरं केलं.

जमिनीचा वाद मिटायला पुढे दोन वर्षं गेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे एकाच टेबलावर चहाला बसले.

प्रार्थनेने सगळं आपोआप सुधारतं असं मी म्हणणार नाही. जपमाळ संपल्यावर सगळी भांडी एकट्या सुनेनेच घासायची असतील तर त्या घराने अजून पुष्कळ शिकायचंय. पोप फ्रान्सिस यांनी 2016 च्या पत्रात कुटुंबासाठी तीन शब्द सांगितलेत: कृपया, धन्यवाद, माफ कर. आमच्याकडे तिसऱ्याला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि तोच सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

आता मुलगा दुबईला असतो. त्याला फोन लावून आम्ही तो मेणबत्तीच्या स्टँडला टेकवून ठेवतो. त्याचा आवाज जरा मागून येतो. आमचं म्हणून होतं तेव्हा तो अजून मध्येच असतो. सासूबाई पुढचा मणी बोटांत धरून थांबतात. त्याचं ‘आमेन’ आलं की मगच तो सरकवतात.