खारीएवढे खोके

नवतपा लागून तीन दिवस झाले होते आणि आमच्या कूलरचा पंप नेमका त्या दुपारी जळाला. भाऊ तालुक्याच्या गावी जाऊन नवा पंप घेऊन आला, त्याने तो खोक्यातून काढून टाकीत सोडला, ताट्यांवरून पाणी ओघळू लागले आणि घरातली सगळी मंडळी वाऱ्याच्या झोतापुढे जाऊन बसली. मी मात्र ते रिकामे खोके हातात घेऊन त्याचा तळ अंगठ्याने दाबून पाहत होते. तळ पक्का होता, झाकण नीट बसत होते. खारीचे एक पिल्लू सहज मावेल, दोन असतील तर दाटी होईल, असा हिशेब मनात होऊनही गेला.

आई म्हणाली, "ठेव तेही माळ्यावर. तिथे काय कमी आहेत!"

तिचा टोमणा रास्त आहे. आमच्या माळ्यावर चपलांची, बुटांची, मिक्सरची, साड्यांची आणि एकदा तर शेजाऱ्यांच्या टीव्हीची अशी खोकी एकात एक घालून ठेवलेली आहेत. त्यांत काहीही ठेवलेले नाही. ज्या खोक्याला झाकण आहे ते माझ्याच्याने टाकवत नाही, एवढेच त्याचे कारण आहे आणि ते मी घरात कधी नीट सांगू शकलेले नाही.

ही खोड मला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात लागली. चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोबाच्या जंगलापासून फार लांब नसलेल्या एका गावाबाहेर जखमी आणि पोरक्या वन्यप्राण्यांसाठी एक लहानसे उपचार केंद्र होते आणि तिथे मी दीड महिना इंटर्न होते. बिबट्याच्या बछड्याला बाटलीने दूध पाजतानाचा स्वतःचा फोटो मी जाण्याआधीच मनातल्या मनात काढून ठेवला होता. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या हातात एक दाभण आणि कोपऱ्यातला खोक्यांचा ढीग दिला. भोके आतून बाहेर पाडायची, म्हणजे पुठ्ठ्याची खरबरीत कड बाहेरच्या बाजूला राहते आणि आतल्या जिवाला टोचत नाही. ती झाकणाला न पाडता बाजूंना, खालच्या अंगाला पाडायची, म्हणजे हवा येते पण अंधार मोडत नाही. आणि हे सगळे प्राणी आत ठेवण्यापूर्वी उरकायचे, प्राणी आत असताना दाभण हाती धरायची नाही. माझे प्रशिक्षण एवढ्यावर सुरू झाले आणि खरे सांगायचे तर त्यापुढे ते फारसे गेले नाही. तगाऱ्या घासणे, पपई चिरणे, घुबडांसाठी मेलेले उंदीर मोजून ठेवणे आणि दुसऱ्या दिवशी त्याच उंदरांच्या केसाहाडांच्या उलटून टाकलेल्या गोळ्या वेचणे, ही कामे कोणीही न शिकवता येतात.

अंधाराचे महत्त्व मला तिथे कळले. मेमध्ये चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर जातो आणि झाडाखाली पाखरे पडू लागतात. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात, ते चोच उघडी टाकून गळा थरथरवत राहतात, आणि असे पाखरू हाती लागले की आपला पहिला उमाळा त्याच्या चोचीत पाणी ओतण्याचा असतो. नेमके तेच करायचे नसते, कारण पक्ष्याच्या श्वासनळीचे तोंड जिभेच्या मुळाशीच उघडते आणि ओतलेले पाणी थेट फुप्फुसात उतरते. त्याला आधी खोक्यात ठेवायचे, झाकण लावायचे, गार जागी ठेवायचे आणि तिथून निघून जायचे. काही न करता निघून जाणे हा उपचार असू शकतो, ही गोष्ट एकोणीस वर्षांच्या मुलीला पटायला जड गेली.

खोकी कायम कमी पडत. जंतुसंसर्गाच्या भीतीने एकदा वापरलेले खोके दुसऱ्या प्राण्याला देत नसत, संध्याकाळी मागच्या अंगणात जाळून टाकत. त्यामुळे दर दोन दिवसांनी इंटर्नने गावातल्या किराणा दुकानांपुढे जाऊन उभे राहायचे, अशी प्रथा होती. "कायले पाह्यजे बाई खोकं?" असे एका दुकानदाराने विचारले आणि मी प्रामाणिकपणे "घुबडासाठी" असे सांगितले, तेव्हा त्याने साबणाची दोन खोकी गल्ल्यामागूनच माझ्या दिशेने फेकली. पुढच्या खेपेपासून मी सगळ्या दुकानांत "पोपटासाठी" असे सांगत असे. पोपटाला लोक बिस्किटांची उत्तम खोकी देतात.

प्राण्यांना नावे ठेवायची नाहीत आणि त्यांच्याशी बोलायचे नाही, असा डॉक्टरांचा दंडक होता, कारण माणसाचा आवाज ओळखीचा झालेले पिल्लू पुढे जंगलात टिकत नाही. नावाशिवाय माणसाचे चालत नाही, म्हणून आम्ही खोक्यांवरून ओळख ठेवत असू. साबणवाला पिंगळा, कुकरवाले गव्हाणी घुबड, आणि एक उदमांजर होते ते संत्र्याच्या लाकडी पेटीतून आले म्हणून शेवटपर्यंत संत्रेवाले राहिले.

पण खरी मौज लोकांनी आणलेल्या खोक्यांत होती. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करणारे असत, तसे दुचाकीवर खोके बांधून थेट फाटकाशी येणारेही असत, आणि महिनाभरात मला अशी सवय लागली की झाकण उघडण्यापूर्वी मी भोके पाहत असे. एका शेतकऱ्याने छत्रीच्या काडीने चारही बाजूंना सारख्या अंतरावर भोके पाडली होती, सरीतले बी टोचावे तशी. एका मुलीने कर्कटकाच्या टोकाने झाकणावर भोकांचे फूल काढले होते. आतली साळुंकी त्या फुलातून येणाऱ्या उजेडाने बेजार झाली होती, पण ते झाकण जाळताना मला जिवावर आले. एका गृहस्थांनी वाघाचे म्हणून आणलेल्या रानमांजराच्या पिल्लाला एकही भोक न पाडता, चिकटपट्टीने सर्व बाजू बंद करून, वर दोरीही बांधली होती. पिल्लू ठीक होते. गृहस्थ घाबरलेले होते.

आणि एक तेंदूची पाने तोडणारी बाई खोक्याशिवाय आली होती. पहाटे पानांसाठी गेली असताना तिला गवतात चितळाचे पाडस दिसले, आई जवळपास नव्हती, म्हणून तिने ते पदरात गुंडाळले आणि दोन कोस चालत आणले. पाडस अंगावर ओरखडाही नसलेले, टपोऱ्या डोळ्यांचे. ते पाहून डॉक्टरांचा चेहरा उतरला. चितळाची मादी पाडसाला गवतात दडवून चरायला जाते आणि पाजायला परत येते. ते हलत नाही, कारण न हलणे हेच त्याचे संरक्षण असते. हे त्या बाईला कोणी सांगावे आणि कसे सांगावे? दिवसाची मजुरी बुडवून, वाघाच्या रानातून, भर उन्हात ती त्याला वाचवायला आली होती. डॉक्टरांनी तिला आधी माठातले पाणी दिले, बसवले, मग वनरक्षकाला बोलावले आणि ज्या जागेवरून उचलले तिथेच पाडस ठेवून लांब व्हायला सांगितले. जागा दाखवायला तिला पुन्हा त्याच वाटेने जावे लागले. या वेळी पाडस खोक्यात होते. तेलाच्या डब्यांचे मोठे खोके, भोके मी पाडली होती. संध्याकाळी वनरक्षकाचा फोन आला की पाडस जागेवर नाही. आईच घेऊन गेली असणार, असे आम्ही सगळे एकदम म्हणालो. डॉक्टर तेवढे काही बोलले नाहीत.

ती बाई निघताना मला म्हणाली होती, "मी त्याले दूध पाजणार होती जी, पण घरी नव्हतं." नव्हते हे बरे झाले, असे मी मनात म्हटले. गाईचे दूध पाजल्याने हगवण लागून दगावलेली पिल्ले मी तोवर पाहिली होती.

आणि तिथेच, पायरीवर बसल्या बसल्या, मला आमच्या आजीच्या घरची खार आठवली. वर्धेकडच्या त्या कौलारू घरात आढ्यावरून खारीचे एक पिल्लू पडले होते, मी तेव्हा आठ वर्षांची असेन. बाबांच्या चपलांचे खोके, त्यात आजीच्या जुन्या लुगड्याची चिंधी, आणि वातीचे टोक गाईच्या दुधात बुडवून त्याच्या ओठांशी धरणारी मी. रात्री मांजर येईल म्हणून झाकण लावून त्यावर वरवंटा ठेवला होता, तो उचलताना मला दोन्ही हात लागले होते. सकाळी ते थंड होते. आम्ही त्याला कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरले, आजीने वर हळदकुंकू वाहिले, आणि "तुझ्या हातून दूध पिऊन गेलं" या तिच्या वाक्यावर मी कितीतरी वर्षे समाधानी होते.

दूध चुकले होते, हे मला त्या पायरीवर कळले. मला ते सोसवले, कारण दुधाचे कोणालाच ठाऊक नव्हते. पण चिंधी आठवते, वरवंट्याचे वजन आठवते, खोक्यावर छापलेली चपलेची जोडी आणि तिच्याखालचा आकडा ९ देखील आठवतो. त्या खोक्याला मी भोके पाडली होती की नाही, ते मात्र आठवत नाही. त्या उन्हाळ्यापासून मी ते खोके डोळ्यांपुढे आणून सर्व बाजूंनी फिरवून पाहत आले आहे.

परवा कूलरपुढे बसलेल्या आईला अखेर विचारलेच. त्या खारीच्या खोक्याला आपण भोके पाडली होती का?

"कोणती खार?" ती म्हणाली, आणि कूलरचे तोंड तिने थोडे आपल्याकडे वळवून घेतले.

मी पंपाचे खोके आणि स्वयंपाकघरातली दाभण घेऊन माळ्याच्या शिडीशी गेले. चार भोके पाडली, आतून बाहेर. मग ते साड्यांच्या खोक्यात ठेवून दिले.