मार्चअखेर आणि मननाची वही

उपासना संपल्यावर आमच्या चर्चच्या मंडळीतील एखादी भगिनी जवळ येऊन हमखास विचारते, "ताई, नोकरी आणि घर सांभाळून हे सगळे लिहायला तुम्हाला वेळ कधी मिळतो?" मी नेरुळला राहते, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका कारखान्याच्या हिशेब विभागात काम करते, घरी सासूबाईंचे औषधपाणी आहे, मुलीचे दहावीचे वर्ष आहे, आणि तरीही पवित्र शास्त्रातील एकेका उताऱ्यावर मनन लिहून, आजारपणामुळे किंवा वयामुळे उपासनेला येऊ न शकणाऱ्या मंडळींना ते पाठवत असते. या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे आहे की वेळ मिळत नाही. दर महिन्याच्या ७ तारखेला टीडीएसचा, म्हणजे देण्यांतून आधीच कापून घेतलेल्या कराचा, भरणा, ११ आणि २० तारखेला जीएसटीची विवरणपत्रे आणि मध्ये पगारपत्रके, अशी आमच्या खात्याची महिन्याची मांडणी असते आणि तिच्यात निवांत दुपार नावाची गोष्ट बसत नाही. सवड झाल्यावर लिहू, असे म्हणणाऱ्याचे लेखन सुरूच होत नाही, हे मी माझ्या आसपासच्या अनेक लिहू शकणाऱ्या माणसांच्या बाबतीत पाहिले आहे आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यांच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रेषित, म्हणजे प्रभू येशूचे बारा शिष्य, कामगिरीवरून परत येतात, तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्यांची इतकी गर्दी असते की त्यांना जेवायलाही सवड होत नाही. प्रभू त्यांना एकांती चलून थोडा विसावा घ्या म्हणतो आणि ते मचव्यात बसून निघतात. पण लोक पायीच धावत त्यांच्याआधी पलीकडे पोहोचतात, आणि किनाऱ्यावर उतरताच प्रभूला त्या लोकांचा कळवळा येऊन तो त्यांना शिकवू लागतो. ठरवलेला एकांत त्या दिवशी मिळालाच नाही. विसावा मिळाला तो मचव्यातील प्रवासापुरता. ट्रान्स-हार्बरच्या गाडीत महिलांच्या डब्यात बसले की मला हा उतारा आठवतो. गाडी नेरुळहून सुटताना मी ठरलेला उतारा एकदा वाचते, तुर्भ्याला गर्दी चढल्यावर पुस्तक मिटते, आणि पुढे घणसोली, रबाळे, ऐरोली करत ठाणे येईपर्यंत वाचलेले मनात घोळवते. लिहिणे रात्री होते, जेवणाची भांडी आवरल्यावर, रुंद समास आखलेल्या दोनशेपानी वहीत. पण मनन झालेले असते ते गाडीतच. समासात मी फक्त वचनाचा संदर्भ आणि त्या दिवशी घडलेली एखादी गोष्ट टिपते. कोणता उतारा घ्यावा हे मी कधी शोधत बसत नाही. एक पुस्तक धरायचे आणि ते क्रमाने संपवायचे, म्हणजे निवड करण्यात जाणारा वेळ वाचतो. शिवाय जे उतारे आपण होऊन कधीच निवडले नसते, त्यांच्यापुढेही थांबावे लागते, आणि माझ्या मते हा त्याहून मोठा लाभ आहे.

कामाचा रेटा हा मननाचा शत्रू आहे, असे आपल्याकडे सर्रास धरले जाते आणि ते मला मान्य नाही. २०२४ साली गुड फ्रायडे २९ मार्चला आणि ईस्टर ३१ मार्चला आला होता, म्हणजे हिशेबाच्या वर्षाचा शेवटचा दिवस तोच पुनरुत्थानाचा दिवस. झावळ्यांच्या रविवारपासूनचा, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारपासूनचा, तो सबंध आठवडा आम्ही येणे-देण्याच्या याद्या जुळवत होतो. अनेक वर्षे थकलेली आणि वसुलीची आशा नसलेली काही येणी त्या वर्षी बुडीत म्हणून काढून टाकण्याचे ठरले. ती नोंद करताना कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील चौदावे वचन माझ्या मनात आले, जिथे प्रेषित पौल म्हणतो की आपल्याविरुद्ध असलेले ऋणपत्र ख्रिस्ताने खोडले आणि वधस्तंभाला खिळून रद्द केले. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ती ही की येणे खोडले म्हणून ती रक्कम नाहीशी होत नाही. ऋणकोच्या नावावरून ती उतरते आणि धनकोच्या नफा-तोटा पत्रकात तोटा म्हणून येऊन बसते. कर्ज माफ होते, तेव्हा त्याची किंमत माफ करणाराच भरतो. क्षमेविषयी मी लहानपणापासून कितीतरी प्रवचने ऐकली होती. परंतु ती फुकट मिळते आणि तरी स्वस्त नसते, हे मला त्या खतावणीच्या ओळीपुढे बसल्यावर जितके स्वच्छ दिसले तितके पूर्वी दिसले नव्हते. त्या रात्री लिहिलेले मनन, मी चार दिवसांची रजा काढून माथेरानला जाऊन बसले असते तरी मला सुचले नसते.

आपल्या मराठी ख्रिस्ती लेखनाची परंपराही निवांत माणसांनी उभी केलेली नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती सदनात शेकडो मुली आणि विधवा यांचे अन्न, वस्त्र, शिक्षण आणि दुखणीखुपणी सांभाळत असतानाच हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबल साध्या, बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणण्याचे काम वर्षानुवर्षे चालवले. १९२२ साली त्यांचे निधन झाले, तोवर ते काम पुरे होत आले होते, आणि त्याची छपाई मुक्तीच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच केली. ठाण्यातील सेंट जेम्स चर्चचे समर्पण १८२५ साली कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी केले. कलकत्त्याहून निघून उत्तर हिंदुस्थानातून मुंबईकडे येण्याच्या त्या लांबलचक प्रवासात ते आपली रोजनिशी लिहीतच होते. या दोघांशी स्वतःची तुलना करण्याचे धाडस मी करणार नाही. मात्र दिवस भरलेला असणे हे न लिहिण्याचे कारण त्यांनी कधी मानले नाही, एवढे मी त्यांच्याकडून घेतले आहे.

एका बाबतीत मात्र मी फार कडक आहे. प्रार्थनेसाठी म्हणून लोक आपल्याजवळ जे बोलतात, ते वहीत येता कामा नये. नाव बदलूनही नाही, कारण मंडळी लहान असते आणि कोण कोणाविषयी लिहीत आहे हे दुसऱ्या ओळीतच ओळखू येते. घाईच्या आठवड्यात तयार प्रसंग हाताशी असला की तो वापरण्याचा मोह होतो. अशा आठवड्यात मी मनन लिहीतच नाही, एखादे स्तोत्र सुंदर अक्षरात उतरवून पाठवते, आणि घरी एकट्या असलेल्या आमच्या एका वयोवृद्ध आजींना तेच अधिक आवडते.

२०२७ साली ईस्टर २८ मार्चला येत आहे, म्हणजे प्रभूच्या दुःखसहनाचा आठवडा पुन्हा वर्षअखेरीच्या ऐन कामात सापडणार. त्या आठवड्यासाठी ख्रिस्ताने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर लिहायचे मी ठरवले आहे. त्यांची टाचणे आगमनकाळातच, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांतच, काढायला घेईन, आणि पहिले टाचण लूकच्या शुभवर्तमानातील तेविसाव्या अध्यायाच्या चौतिसाव्या वचनाचे, म्हणजे "हे बापा, त्यांना क्षमा कर" या उद्गाराचे, असेल.